चाळीस घोड्यांचा साज

प्रीमियर पद्मिनी ही गाडी उत्तम आहे, फक्त कारखान्यानं ती अर्धवट सोडली, असं आमच्या मामांचं ठाम मत आहे. उरलेलं काम पुरं करण्यात त्यांच्या नोकरीचा उत्तरार्ध आणि निवृत्तीचा पूर्वार्ध गेला. ते काम कधीच पुरं होऊ नये, अशी व्यवस्थाही त्यांनीच करून ठेवली आहे. कारण एक वस्तू बसवली की तिच्या शेजारची जागा त्यांना लगेच ओकीबोकी वाटू लागते.

मामांच्या या खुळाला इतिहासाचा आधार आहे, हे मला मान्य करावंच लागतं. ही गाडी मुळात इटलीतली. तिथं १९५३ साली फियाट ११०० निघाली आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती मुंबईत कुर्ल्याला बांधायला घेतली. पन्नाशीच्या दशकातल्या गुबगुबीत अवताराला आपल्याकडे कुणी ‘डुक्कर फियाट’ म्हणालं, आणि मालकांनी ते निमूटपणे चालवून घेतलं. मग १९६४ साली चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. तिचीच पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि प्रेसिडेंटची १९७४ साली ‘पद्मिनी’. अंगकाठी तीच, इंजिन तेच १०८९ सीसीचं, ताकद साधारण चाळीस घोड्यांची. बदलायची ती पुढची जाळी, दिवे, बंपर, एखादी निकेलची पट्टी. “कारखान्यानं जाळी बदलली की ते नवं मॉडेल,” मामा विचारतात, “आणि मी बदलली की थेर?” याला मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. मामींना सुचलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दर महिन्याच्या खर्चाची वही मामांसमोर उघडून ठेवली.

त्या काळात गाडी बदलणं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येत नसे. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. मारुती यायची होती १९८३ च्या डिसेंबरात. तोवर फियाट की अ‍ॅम्बॅसिडर, एवढ्याच प्रश्नावर घरोघरी वाद होत. त्यामुळे गाडी बदलायची हौस लोक गाडीतल्या वस्तू बदलून भागवत. आमच्या आळीत पद्मिनी पुष्कळ होत्या. पण अंधारातसुद्धा कुठली कुणाची हे सांगता येई. एकीच्या बॉनेटवर गरुड होता. दुसरीच्या गिअरच्या टोकाला पारदर्शक गोळा होता आणि त्यात गोठवलेला विंचू. तिसरीच्या मागच्या काचेला आडव्या पट्ट्यांची झडप होती, त्यामुळे मालकांना मागचं काहीच दिसत नसे आणि ते समाधानी असत.

मामांनी सुरुवात सीटपासून केली. कारखान्याच्या रेक्झिनवर टर्किश टॉवेलच्या खोळी चढल्या. खोळी मळू नयेत म्हणून त्यावर प्लास्टिक आलं. प्लास्टिकला उन्हाळ्यात पाठ चिकटते म्हणून वर लाकडी मण्यांचं आसन. आता आपण गाडीत बसतो ते नक्की कशावर, हे सांगणं अवघड आहे. पण डोकं छताला लागतं एवढं खरं. मग पुढच्या काचेवर बाहेरून टोपीची झाप बसली. तिच्यामुळे ऊन थोडं अडायचं आणि वारा पुष्कळ अडायचा, आणि ताशी साठच्या पुढे गेलं की ती शिट्टी घालायची. मामांनी तिला ‘वेगाची सूचना’ असं नाव देऊन तिचीही गणना उपयुक्त वस्तूंत केली.

खरी गंमत विजेची. त्या वेळच्या फियाटींत अल्टरनेटर नसे, डायनामो असे. डायनामो हा स्वाभिमानी प्राणी. इंजिन जोरात फिरत असेल तरच वीज देणार. सिग्नलला गाडी नुसती धुगधुगत उभी राहिली की तो हात आखडता घेणार. मग सगळा भार बॅटरीवर. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागे. कारखान्याच्या हिशेबात दिवे, वायपर आणि एक साधा हॉर्न होता. मामांच्या हिशेबात दोन पिवळे फॉग लॅम्प, तीन तोंडांचा हॉर्न, कॅसेट वाजवणारा टेप, डिकीवरचे त्याचे दोन स्पीकर, रिव्हर्स टाकला की वाजणारी धून आणि डॅशबोर्डवरचा निळ्या पात्यांचा पंखा एवढं सगळं होतं. डेक्कनच्या सिग्नलला गाडी थांबली की आमच्या घरचं भारनियमन सुरू होई. “फॉग बंद, टेप बंद, पंखा बंद!” मामा ओरडत. मामी पहिल्या दोन गोष्टी मान्य करत. पंखा त्या पदराआड करत. सिग्नल सुटेपर्यंत पंखा फिरायचा की लाल दिवा विझायचा, यावर मागच्या सीटवर आम्हा मुलांच्या पैजा लागत. मी नेहमी मामींवर लावायचो आणि सहसा जिंकायचो.

यावर मामांनी उपाय काढला. अँपिअर मीटर बसवला. बाकीच्या वस्तू किती वीज खातात ते दाखवणारी ही नवी वस्तू. तिची सुई उणे बाजूला कललेली रात्री दिसावी म्हणून तिच्या आत एक बल्ब होता. तो अर्थातच त्याच बॅटरीवर चालत असे.

माझा मामेभाऊ वयात आला तेव्हा या सजावटीला वेगळं वळण लागलं. मामांच्या पिढीला गाडीत वस्तू हव्या होत्या. त्याच्या पिढीला गाडी वेगळीच हवी होती. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. तो त्याला खाली जमिनीवर हवा होता, रेसच्या गाडीला असतो तसा. हे काम करणारे मिस्त्री पुण्यात होते, आणि त्यांच्या हातची कामं मी पाहिली आहेत, चोख असत. पण त्यासाठी पुढची सलग सीट काढून दोन सुट्या बकेट सीट घालाव्या लागतात, आणि मधे गिअर येतो. सलग सीटचा अर्थ आमच्या घरात फार मोठा होता. पुढे तिघं बसत. मामा, मामी आणि मधे आजी. आजींना मागे बसलं की मळमळायचं आणि खिडकीशी बसलं की वारं लागायचं. म्हणजे मधली जागा ही त्यांची, जन्मसिद्ध. भावानं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीच्या दोन सीट मिळवूनही आणल्या. मामांनी त्या हात फिरवून पाहिल्या, दाबून पाहिल्या, आणि निकाल दिला: “आई आहे तोवर गिअर वर राहील.” त्या सीट मग गॅलरीत ठेवल्या गेल्या. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना त्यावर बसवण्यात आलं, आणि पाहुणे त्यातून उठताना टेकायला काहीतरी शोधत.

गिअर हुकला म्हणून भाऊ फायबरकडे वळला. पुढच्या बंपरखाली लोंबणारा एअर डॅम, दरवाजांखाली स्कर्ट आणि डिकीवर स्पॉयलर. नाना पेठेत एक मिस्त्री हे करून देत असे. त्याचं काम बघणं हा माझ्यासाठी खरा आनंद होता. मूळ भागावर किंवा हातानं घडवलेल्या आकारावर मेणाचं पॉलिश घासायचं, म्हणजे साचा चिकटत नाही. त्यावर जेलकोटचा हात. मग काचतंतूंची मॅट कापून अंथरायची आणि ब्रशनं रेझिन थोपटत न्यायचं, आतली हवा पार निघेस्तोवर. साचा निघाला की पुन्हा तेच सगळं आतून, आणि मग वस्तू. सारं कौशल्य हार्डनरच्या थेंबांत. कमी पडला तर माल दुसऱ्या दिवशीही चिकट. जास्त पडला तर डबा हातात तापतो आणि माल तडकतो. मिस्त्री मोजमाप करत नसे. आभाळाकडे बघायचा आणि बाटली वाकडी करायचा.

बंपरखालची ती वस्तू झाली देखणी. बसवायला घेतली तर डावीकडे अंगठाभर फट, आणि उजवीकडे मडगार्डला घासतेय. भाऊ चिडला. मिस्त्रीनं चष्मा कपाळावर चढवला, गाडीपुढे उकिडवा बसला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, माल सरळ आहे. गाडी वाकडी आहे.”

ते खरं होतं. वीस-पंचवीस वर्षांच्या कुठल्याही पद्मिनीची हीच कहाणी. कुणाला एसटीनं टेकवलेलं असतं, कुणी फाटकाच्या खांबाला सलाम केलेला असतो. डेंटरनं पत्रा ठोकून, पुटी भरून, रंग मारून पुन्हा उभी केलेली. एकीचा भाग दुसरीला बसत नाही, हा तिचा दोष म्हणण्यापेक्षा तिचं चरित्र म्हणावं. मिस्त्रीनं शेवटी वाकड्या गाडीला साजेल असा वाकडा माल करून दिला. तो आजही चपखल बसतो.

स्पॉयलरबद्दल मात्र मी मिस्त्री आणि भाऊ दोघांच्याही विरुद्ध आहे. स्पॉयलर गाडीची मागची बाजू वाऱ्यानं खाली दाबतो म्हणतात. ज्या वेगाला त्याचा उपयोग सुरू होतो, त्या वेगाला पद्मिनीत बाकी सगळं सुटायला लागलेलं असतं. त्यात या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद. त्या पत्र्याला हौसेनं ड्रिल मारलं की भोकातून पाणी आत जातं, आणि पुण्याचे चार पावसाळे उलटले की डिकीच्या झाकणाला आतून गंज धरतो. आमच्या डिकीला तो धरला. स्पॉयलर अजून घट्ट आहे, झाकणच हलतं.

तिकडे मुंबईत सजावटीची वेगळीच शाळा होती. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या टपावर सामानाचं कॅरिअर, आणि आत छतापासून दरवाजांपर्यंत फुलाफुलांचं रेक्झिन. २०१५ साली काही तरुण चित्रकारांनी तर ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावानं खास कापड छापून टॅक्स्यांच्या सीटा आणि छतं सजवली. मामा एकदा दादरहून फोर्टला जाताना अशा छताकडे मान वर करून बघत गेले आणि उतरल्यावर मान तशीच राहिली. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वयाची मुदत वीस वर्षांची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती सगळी जात रस्त्यावरून उतरली.

आणि मग एकाएकी पद्मिनीला भाव आला. माझ्याच वयाची माणसं, ज्यांनी हिला आयुष्यभर ‘खटारा’ म्हटलं, ती आता जुन्या बाजारात आणि चोर बाजारात तिचे मूळ व्हील कप, मूळ जाळी, मूळ नावाची पट्टी शोधत हिंडतात. म्हणजे मामांसारख्यांनी काढून फेकलेलं सगळं. या मंडळींशी मामांचं अजिबात जमत नाही. एकानं आमच्या गाडीकडे पाहून हळहळत विचारलं, “काका, ओरिजिनल कुठाय?” मामा म्हणाले, “इटलीत.”

भाऊ आता पन्नाशीला टेकला आहे आणि त्याच्यात आमूलाग्र बदल झाला आहे. सरकारनं २०२१ साली नियम काढला: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. त्याआधी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगून ठेवलं होतं की कारखान्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसे बदल चालणार नाहीत. भावाला ती पाटी हवी आहे. ज्यानं डिकीला भोकं पाडली, तोच आता मूळ रूपाची भाषा करतो. त्यानं काढायच्या वस्तूंची यादी करून मामांपुढे ठेवली. मामांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली. मला वाटलं, आता भडका उडतो.

“काढ,” मामा म्हणाले. “पण टाकायचं काही नाही. सगळं गाडीतच राहील.”

मामींनी पंख्यावर काट मारली आणि यादी मंजूर झाली. भावानं दोन रविवार खपून झाप, फॉग लॅम्प, कॅरिअर, हॉर्नची तीन तोंडं, स्कर्ट आणि गॅलरीतल्या दोन्ही सीटसुद्धा डिकीत आणि मागच्या सीटवर रचलं. गाडी मागून इतकी बसली की मडगार्ड टायरला टेकलं. काल तो नाना पेठेत गेला आहे, मागच्या पाट्यांत एकेक जादा पान टाकता येईल का ते विचारायला.