पॅनेलकाका

लॅमिंग्टन रोडवर शनिवारी दुपारी पॅनेलकाका हमखास भेटतात. हे कुणी एकच गृहस्थ नव्हेत, हा संप्रदाय आहे. निवृत्त, बहुधा ठाण्या-डोंबिवलीकडचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक बारका स्क्रू-ड्रायव्हर, खांद्याला कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेली बॅग. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत येतात. रस्त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, हे वाटेत पत्ता विचारणाऱ्याला सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

बॅगेत लॅपटॉप नसतो. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं फुटकं पॅनेल असतं. बाकीचं जग दुकानात शिरून लॅपटॉपचं नाव सांगतं आणि ‘याची स्क्रीन आहे का’ म्हणून विचारतं. काकांना त्या जगाची कीव येते. झाकणावर जिचं नाव, त्या कंपनीनं ती स्क्रीन बहुधा बनवलेलीच नसते. ती येते एलजी, सॅमसंग, एयूओ असल्या पॅनेलवाल्यांकडून, आणि एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची पॅनेलं निघू शकतात. खरी ओळख पाठीवरच्या लेबलात. ‘एलपी१५४डब्ल्यूएक्स’ एवढं वाचलं की काका डोळे मिटून सुरू होतात: एलपी म्हणजे एलजी-फिलिप्स, १५४ म्हणजे १५.४ इंच, डब्ल्यूएक्स म्हणजे १२८० बाय ८००. शिवाय २००८ मध्ये त्या नावातून फिलिप्स गळालं, २०१० मध्ये ची मेई ही पॅनेल कंपनी इनोलक्सबरोबर एक झाली, हेही तोंडपाठ. सख्ख्या मेव्हण्याच्या मुलांची नावं मात्र बायकोला विचारावी लागतात.

काकांचं यंत्र म्हणजे २००७ सालचा थिंकपॅड टी६१. असा कीबोर्ड पुन्हा झाला नाही, असं ते म्हणतात, आणि त्यात बरंच तथ्य आहे. पण त्या सुमाराला पॅनेलच्या कारखान्यांनी रुंदी-उंचीचं १६:१० हे प्रमाण सोडून टीव्हीचं १६:९ धरलं. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच प्रमाणात कापले की कारखान्याचं भलं होतं. १५.४ इंच गेलं, १५.६ आलं. उभ्या ८०० ओळींच्या ७६८ झाल्या. ‘माझ्या ३२ ओळी कुणी खाल्ल्या?’ हा सवाल काका सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा विचारून बसलेत. अलीकडे महागड्या लॅपटॉपांत १६:१० परत आलं, तेव्हा त्यांनी घरी श्रीखंड आणलं. ती नवी पॅनेलं आपल्या यंत्राला बसत नाहीत, हा विषय त्यांनी जेवताना काढला नाही.

कारण पॅनेल जुळवणं म्हणजे पत्रिका जुळवणं. इंच जुळले, ओळी जुळल्या, तर कनेक्टर भलत्याच बाजूला निघतो आणि केबल पोचत नाही. तेही जमलं तर स्क्रूची भोकं जिथे हवीत तिथे नसतात. सगळे गुण जुळले की मग मंगळ निघतो: बॅकलाइट. जुन्या पॅनेलात सीसीएफएलची बारीक नळी असते आणि तिला शेकडो व्होल्ट पुरवणारा इन्व्हर्टर शेजारी बसलेला असतो. नंतरच्या पॅनेलांत एलईडी आले, त्यांना या इन्व्हर्टरचं तोंडही बघायचं नसतं. त्यात जुन्या एलव्हीडीएस जोडणीला ३० पिना आणि आजच्या ईडीपी जोडणीलाही ३० पिना. नुसता आकडा ऐकून होकार देणारे इथे फसतात, कारण कनेक्टर वेगळा आणि आतली भाषाही वेगळी.

काउंटरवरचा मुलगा हे पुराण ऐकून घेतो. त्याच्या मागे भिंतभर १५.६ ची स्लिम पॅनेलं रचलेली.

‘काका, ये मॉडेल बंद हो गया. नया ले लो ना.’

‘बंद कंपनीनं केलं, मी नाही,’ काका मराठीतच ठणकावतात. ‘माळ्यावर बघ.’

‘ऊपर कुछ नहीं है.’

‘तू चढ तर खरा.’

मुलगा शिडी लावतो. धुळीचा लोट येतो, पाठोपाठ खोकं. कधीतरी त्यात खरोखरच पॅनेल निघतं. वॉरंटी? टेस्टिंग वॉरंटी, म्हणजे इथे पेटवून दाखवू, पायरी उतरलात की तुमचं नशीब. टेस्टरवर पॅनेल पेटतं. पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. काका चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला टेकेपर्यंत वाकतात आणि डावीकडून उजवीकडे डेड पिक्सेल शोधू लागतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. ‘हा बघ! काळा ठिपका!’ मुलगा फडकं फिरवतो, काका फुंकर मारतात. ठिपका चालायला लागतो. मुंगी असते.

पांढरा रंग गुलाबीकडे झुकला तर मात्र काका पॅनेलची बनियनसारखी घडी घालायला निघाल्याच्या त्वेषानं ते परत सारतात. गुलाबी झाक म्हणजे नळी म्हातारी झाली. इथे मला काकांची बाजू घ्यावीशी वाटते. प्रोसेसर ठीक, कीबोर्ड ठीक, बिजागऱ्या ठीक, आणि काडीएवढ्या नळीपायी सगळं यंत्र भंगारात, हा व्यवहार शहाण्यांचा कसा मानायचा? पण काकांच्या घरचा माळा पाहिला की ही सहानुभूती पातळ होते. पॅनेल सुटं मिळेना म्हणून त्यांनी कुर्ल्याहून मेलेला टी६१ अख्खा उचलला. त्याचं पॅनेल काढलं, तर त्याचा मदरबोर्ड ‘वाटतोय तितका वाईट नाही’ असं निघालं. आता त्यालाही पॅनेल हवंय. ‘अहो, एकाला जगवायला दुसरा आणला होतात ना?’ या काकूंच्या प्रश्नाला काकांकडे उत्तर नाही. शोधायच्या पॅनेलचा नवा नंबर तेवढा आहे.

पॅनेल बसवण्याचा कार्यक्रम डायनिंग टेबलावर होतो आणि त्या दिवशी सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतात. स्क्रूवरची रबरी बुचं काका टाचणीनं उचकटतात, स्क्रू पोह्यांच्या वाटीत जमा होतात. बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, नखानं सोडवताना ‘कट’ असा आवाज आला की काका श्वास रोखतात. शेवटी एक स्क्रू उरतोच. ‘कंपनी एक जास्तीचा देते,’ असं सांगून तो खिशात जातो.

आणि स्क्रीन पेटते! उजेड लख्ख, कुठे रेघ नाही, गुलाबी झाक नाही. फक्त काचेवरची संरक्षक फिल्म काका काढत नाहीत. फिल्म निघाली की दुकानदार माल परत घेत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. टेस्टिंग वॉरंटीचा माल तसाही परत घेत नाहीत, हेही तितकंच ठाऊक. पण आपल्याकडून कागदोपत्री चूक नको. नातवानं एकदा कोपऱ्यातल्या हिरव्या टोकाला हात घातला, तर त्याच्यावर कधी आवाज न चढवणारा हा माणूस असा ओरडला की शेजारचे विचारायला आले. शेजाऱ्यांनी आल्यासारखा लॅपटॉपही पाहिला आणि अक्षरं जरा धुरकट दिसतात म्हणाले.

‘मॅट आहे,’ काका म्हणाले.