एक अल्बम मागे

आमच्या ऑफिसात एक जाणकार आहे. तसा तो प्रत्येक ऑफिसात असतो. चाळिशीला टेकलाय, पोट सुटलंय, काळा टीशर्ट मात्र सुटलेला नाही. कुणी नवं पोरगं कौतुकाने म्हणालं, “आर्क्टिक मंकीज मलापण आवडतात,” की हा चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, “कुठल्या अल्बमपर्यंतचे?” पोरगं तिथेच गारद.

बँड इंग्लंडातल्या शेफील्डचा. तिथल्या हाय ग्रीन नावाच्या उपनगरातल्या चार पोरांनी २००२ साली काढलेला. सुरुवातीला ही मंडळी आपल्या गाण्यांच्या सीड्या कार्यक्रमात फुकट वाटायची, ऐकणाऱ्यांनीच त्या इंटरनेटवर चढवल्या आणि बोलबाला झाला. मग जानेवारी २००६मध्ये पहिला अल्बम आला, ‘व्हॉटएव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट’. हे नाव जाणकार एका दमात म्हणतो. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांवर प्रती खपल्या. त्यातली एकही जाणकाराची नव्हती. त्याला तो अल्बम इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलात, डीसी प्लस प्लस या फाइल-शेअरिंगवर, कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून मिळाला. तरी “यांना आम्ही मोठं केलं” हे तो अशा थाटात सांगतो, जसा काही हाय ग्रीनमध्ये वर्गणी काढत हाच फिरला होता.

पगार वाढल्यावर त्याने त्याच अल्बमची एलपी मागवली. घरात रेकॉर्ड प्लेअर नाही. ती शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभी असते. मुखपृष्ठावर एक तरुण सिगारेट ओढतोय. साताऱ्याहून जाणकाराची आई येणार असली, की त्या तरुणाला आठवडाभर भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

आता त्याच्या मतांकडे येऊ. दुसरा अल्बम २००७मध्ये आला. “घाई केली,” एवढंच बोलून त्याने तो निकालात काढला. खरं सुतक पडलं २००९मध्ये, ‘हंबग’च्या वेळी. क्वीन्स ऑफ द स्टोन एज या बँडचा जॉश होमी आर्क्टिक मंकीजना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रेकॉर्डिंगला घेऊन गेला. पोरांचे केस वाढले, गाण्यांचा वेग उतरला. “वाळवंटात गेले आणि वाळले,” असं जाणकार महिनाभर भेटेल त्याला सांगत होता. २०११मध्ये ‘सक इट अँड सी’ आला, तेव्हा तोच माणूस कँटीनमध्ये चहा ढवळत म्हणाला, “गोडगोड आहे रे. हंबगमध्ये काय अंधार होता!”

एकदा हे सूत्र ध्यानात आलं, की पुढचं सगळं बिनचूक सांगता येतं. चालू अल्बम म्हणजे ऱ्हास, आणि त्याच्या आधीचा म्हणजे शेवटची अस्सल कलाकृती. २०१३च्या ‘एएम’मध्ये हिप-हॉपचा ठेका आला आणि गायक ॲलेक्स टर्नरने केसांचा एल्व्हिसछाप कोंबडा काढला, तेव्हा जाणकाराला ‘सक इट अँड सी’मधला साधेपणा आठवून भरून आलं. २०१८च्या अल्बमसाठी टर्नरने गिटार बाजूला सारली. तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने भेट दिलेल्या पियानोवर बसून त्याने ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो’ रचला. चंद्रावरच्या हॉटेलाची कल्पना, आणि नाव अपोलो ११ जिथे उतरलं त्या जागेचं. जाणकार म्हणाला, “हे हॉटेलच्या लॉबीतलं संगीत आहे.” मग २०२२मध्ये ‘द कार’ आला, व्हायोलिनांचा ताफा घेऊन, आणि लगेच ‘ट्रँक्विलिटी बेस’ थोर झाला.

“तूच लॉबीतलं संगीत म्हणाला होतास ना?” बायकोने विचारलं.

“ते मी कौतुकाने म्हटलं होतं.”

यात एकच अपवाद झाला, ‘एएम’चा. सूत्रानुसार २०१८मध्ये तो थोर ठरला होताच. पण दिवाळीत नाशिकहून अकरावीतली भाची आली आणि म्हणाली, “मामा, तुलापण एएम आवडतो? माझ्या सगळ्या रील्सना तोच लावते मी.” मामाने चकली परत ताटलीत ठेवली. त्या दिवसापासून ‘एएम’ कायमचा बाद.

मला विचाराल तर त्याची मतं चुकीची नसतात, उशिरा येतात. ‘हंबग’ खरंच दमदार आहे. टॅक्सीच्या रांगा, क्लबच्या दारावरचे बाउन्सर यांच्यावर गाणी लिहिणारी पोरं श्रीमंत झाल्यावर कुठल्या रांगेत उभी राहणार होती? त्यांना चंद्रावर जाणं भागच होतं. हे जाणकारालाही कळतं. फक्त त्याला कळेपर्यंत बँड पुढच्या स्टेशनावर पोचलेला असतो.

अडचण माझी आहे. आम्ही दोघं त्याच्याच गाडीने हिंजवडीला जातो, आणि वाकडच्या पुलापर्यंत अख्खा अल्बम आरामात संपतो. मला ‘द कार’ मनापासून आवडतो. मध्यंतरी मी तो लावला, तर त्याने दुसऱ्याच गाण्याला आवाज बंद केला आणि खिडकीची काच खाली घेतली, डंपरचा धूर आत आला तरी. वाद घालण्यात अर्थ नाही. आठवा अल्बम निघाला की झालं. निघाला की त्याच संध्याकाळी तो मला ‘द कार’ ऐकवेल, वर विचारेल, “तू नीट ऐकलायस का हा कधी?”