म्हातारी नेली म्हणायलेत

तुळजापुरात माणूस चुकणं ही बातमी नाही. गर्दी म्हटली की माणसं चुकायचीच. नवरात्रात चुकतात, चैत्री पौर्णिमेला चुकतात, साध्या मंगळवारीही चुकतात. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून रात्रभर पायी आलेल्या लोंढ्यात तर कोण कुणाबरोबर आलं होतं हे दर्शन झाल्यावरच कळतं. गोमुखापाशी सून दिसेनाशी होते, कल्लोळाच्या पायऱ्यांवर लेकाचा हात सुटतो. म्हातारी कन्नड बोलणारी असेल तर ती कुणाला काय विचारते आणि समोरचा तिला काय सांगतो, हे आई भवानीच जाणे. मग ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं जातं. बहुतेक वेळा म्हातारी कुठल्या तरी ओवरीच्या सावलीत बसलेली सापडते आणि उलट लेकालाच विचारते, ‘कुठं गेलतास रं?’

तेव्हा माझी तक्रार चुकण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती चहाच्या टपरीवर होणाऱ्या अपहरणांबद्दल. तिथं म्हातारी पहिला अर्धा तास चुकलेली असते, मग बेपत्ता होते आणि दुसरा कट यायच्या आत ‘नेली म्हणायलेत’ इथवर येते. कोण म्हणायलंय, असं विचारायचं नसतं. कुणी नेली, असं विचारलं तर समोरचा आपल्याकडे, आपण काल जन्माला आल्यासारखं बघतो.

या तपासाची वाटणी ठरलेली आहे. एक गृहस्थ सोन्याचे. म्हातारीला त्यांनी कधी पाहिलेलं नसतं, पण तिच्या गळ्यातली बोरमाळ किती तोळ्यांची हे त्यांना ठाऊक असतं आणि तासागणिक ती माळ जड होत जाते. दुसरे सातबाऱ्याचे. त्यांचं म्हणणं एकच : ‘आधी जमीन कुणाच्या नावावर हाय ते बघा.’ म्हातारीच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही असं कळलं तर ते डगमगत नाहीत. ‘मग तर नक्कीच,’ म्हणतात. तिसऱ्यांचा सगळा भर सुनेवर. सून रडली तर ती जास्तच रडतेय आणि नाही रडली तर बघा, रडलीसुद्धा नाही. सुनेनं नेमकं किती रडावं याचा आकडा मी त्यांना अनेकदा मागितला. अजून मिळालेला नाही.

आणि पांढरी गाडी. तपास कुठलाही असो, पांढरी गाडी असतेच. तीही परराज्याच्या पासिंगची. आता तुळजाभवानी ही निम्म्या कर्नाटकाची आणि बऱ्याचशा तेलंगणाची कुलदेवी. आमच्या वाहनतळावर उभं राहून परराज्याच्या पांढऱ्या गाडीवर संशय घ्यायचा म्हणजे सगळा वाहनतळच ताब्यात घ्यावा लागेल. पण हे बोलायची सोय नाही. बोललं की ‘तुम्ही लई त्यांची बाजू घेताव’ असं ऐकावं लागतं आणि आपलंही नाव यादीत चढतं.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, पण धनंजय आणि झुंजार यांना निदान घराबाहेर पडून पाठलाग करावा लागे. आमच्या गुप्तहेरांना बाकावरून उठायलाही लागत नाही. पोलिसांनी काय करायला हवं होतं, हे त्यांना पोलीस यायच्या आधीच माहीत असतं.

पोलीस मात्र कागदावर चालतात आणि तोच सगळ्यांच्या रागाचा विषय. ‘नुसती मिसिंग घेतली. अपहरणाचा गुन्हाच नाही!’ कारण साधं आहे. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण झालंय असं धरूनच गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली सांगितलं. सज्ञान माणूस हरवला तर हरवल्याची नोंद होते आणि तपासात तसं काही निघालं तरच गुन्हा लागतो. म्हातारपण हे दुसरं बालपण, असं आपण म्हणतो. कायदा तसं मानत नाही. कायद्याच्या दृष्टीनं पंचाहत्तरीची बाई कुणाला न सांगता नळदुर्गच्या गाडीत बसून बहिणीकडे जाऊ शकते. टपरीच्या दृष्टीनं ते शक्यच नाही. म्हातारी स्वतःच्या मनानं कुठं जाईल, हा एकच अंदाज तिथं कुणाला सुचत नाही.

वास्तविक प्रश्न विचारायला आमच्या गावात रीतसर जागा आहे. देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात टेकून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. शिवाजी महाराजही मोहिमेआधी इथं कौल घेत, अशी आख्यायिका आहे. कधी कधी दगड जागचा हलत नाही. कामाला अजून वेळ आहे, असा त्याचा अर्थ सांगतात. मला दगडाचा हा तिसरा जबाब सगळ्यात आवडतो. टपरीवर मी तो आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

बरं, अपहरणाचा तपास हा काही गावाला नवा विषय नव्हे. सीतेला शोधत राम इथूनच गेला, अशी इथली श्रद्धा आहे. घाटशिळेवर उभं राहून देवीनं त्याला लंकेची वाट दाखवली, म्हणून ती रामवरदायिनी. देवीनं काय केलं ते नीट बघा : दिशा दाखवली आणि थांबली. लक्ष्मणाचं वागणं तिला खटकलं नाही, दशरथाच्या वाटण्यांचा तिनं उल्लेख केला नाही. त्याआधी जटायूनं जबाब दिला, तोही डोळ्यांनी पाहिल्याचा आणि पंख गमावून. त्या प्रकरणात उपयोगी पडली ती अशी साक्ष. ज्यानं काहीच पाहिलं नव्हतं तो पुढं अयोध्येत भेटतो. तो परीट. अपहरण संपलं, रावण मेला, बाई घरी आली, राज्याभिषेक झाला, आणि याचा तपास तेव्हा सुरू झाला. सीतेला रावणाच्या कैदेतून सोडवता आलं, परटाच्या अंदाजातून नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं वाटून कुणी वाईट वाटून घेऊ नये. साहेबाच्या देशात 3 डिसेंबर 1926 च्या रात्री अगाथा ख्रिस्ती घरातून निघाल्या आणि नाहीशा झाल्या. मोटार एका उतारावर सोडलेली सापडली. बाई म्हातारी नव्हती, छत्तीस वर्षांची होती, पण रहस्यकथा लिहिणारी, म्हणजे टपरीला पर्वणीच. नवऱ्यानं मारलं म्हणावं, तर त्याचं बाहेर प्रकरण होतंच. पुस्तक खपवायला केलेलं नाटक म्हणावं, तर तेही बसत होतं. हजारो लोक रानं तुडवत होते, वर विमानं फिरली. शेरलॉक होम्स ज्यांनी जन्माला घातला त्या आर्थर कॉनन डॉयल यांनी बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि तो नेऊन दिला प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या माणसाला. डोरोथी सेयर्स, त्याही रहस्यकथाकार, स्वतः जागा बघून आल्या. अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. खोटं नाव नोंदवून राहत होत्या आणि ते आडनाव नवऱ्याच्या त्या दुसऱ्या बाईचं होतं. त्यांना ओळखलं हॉटेलात वाजवणाऱ्या वादकांनी. देशातले दोन नामांकित गुप्तहेर-निर्माते एकीकडे आणि बँजो वाजवणारा एकीकडे. त्याच्याकडे सिद्धान्त नव्हता. त्यानं बाईंचा चेहरा बघितला आणि पोलिसांना सांगितलं.

हे प्रकरण गोड तरी संपलं. 29 डिसेंबर 1969 ला लंडनच्या विम्बल्डनमधून म्युरिएल मॅके या पंचावन्न वर्षांच्या बाईंना खरोखरच पळवून नेलं. चोरांना हवी होती वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डोक यांची बायको. ते परदेशी गेलेले असताना त्यांची रोल्स रॉइस या बाईंचे नवरे मॅकेसाहेब वापरत होते. चोर गाडीच्या मागं गेले आणि भलतीच बाई उचलली. म्हणजे अपहरणकर्त्यांनीसुद्धा अंदाजच केला होता. पुढं दहा लाख पौंडांची मागणी आली. पोलिसांना आधी शंका, की हा वृत्तपत्राचा खप वाढवायचा उद्योग तर नाही? बाई नवऱ्याला सोडून गेल्या असतील, हेही बोलून झालं. बातमी छापून आल्यावर खोटे फोन आणि खोटी पत्रं यांचा मारा झाला. अपहरणकर्ते त्याच फोनवर बोलत होते आणि त्याच फोनवर देशभरचे रिकामटेकडे. हॉलंडमधल्या जेरार्ड क्रोइझे नावाच्या, दिव्यदृष्टीसाठी प्रसिद्ध असलेल्या गृहस्थांनाही विचारून झालं. पळवणाऱ्या दोघा हुसेन भावांना 1970 साली जन्मठेप झाली. बाईंचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. 2022 आणि 2024 मध्ये त्या भावांच्या शेतवाडीत पुन्हा खणून पाहिलं, तरी नाही.

फोनचा विषय निघालाच आहे तर माझं मुख्य गाऱ्हाणं सांगून टाकतो. म्हातारी हरवली की घरचे तिचा फोटो टाकतात. तो हमखास कुठल्या तरी लग्नातला असतो. शेजारी नवरा-नवरी अर्धे कापलेले आणि म्हातारीभोवती लाल गोल. खाली लेकाचा नंबर. ‘माहिती मिळाल्यास कळवावे.’ या वाक्यात अवघड काय आहे, मला खरंच उमगलेलं नाही. माहिती मिळाल्यास कळवावे. लोक फोन करतात आणि माहिती विचारतात. ‘सापडली का ओ?’ ‘काय झालं नेमकं?’ ‘घरात काय भांडण-बिंडण?’ एकानं तर एका लेकाला धीर देण्यासाठी फोन करून आपल्या चुलतीची गोष्ट सांगितली. ती विहिरीत सापडली होती. तिकडं कुठल्या तरी थांब्यावर एखादा वाहक भल्या मनानं म्हातारीच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरचा तोच नंबर लावत असतो आणि त्याला ऐकू येतं, की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

म्हातारी सापडली की फोटोची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ती घरी भाकरी थापत असते आणि तिचा लाल गोल अजून फिरत असतो. गेल्या वर्षीच्या म्हाताऱ्या यंदा पुन्हा हरवतात. बाजारात त्यांना लोक थांबवतात, ‘मावशी, तुम्हाला नेलतं ना?’ नाही म्हटलं तर पटत नाही. लाजायलीय, म्हणतात.

इथवर सगळं त्रासाच्याच हिशेबात बसतं. पण 2018 च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश देशभर फिरले. मे महिन्यात तमिळनाडूच्या तिरुवन्नामलै जिल्ह्यात पासष्ट वर्षांची एक बाई नातेवाइकांबरोबर कुलदैवताच्या दर्शनाला निघाली होती. वाट विचारायला थांबली आणि तिथल्या पोरांच्या हातावर चॉकलेटं ठेवली. जमावानं तिला जिवे मारलं. आमच्या दर्शनरांगेत निम्म्या म्हाताऱ्या शेजारच्या अनोळखी पोराला साखरफुटाणे देतात.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. पाच जण तिथं उतरले. बहुतेक आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारे. एका मुलीशी बोलले, एवढं निमित्त झालं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्यावरून उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. पट्ट्यांनी, काठ्यांनी मार खाल्ला. ते वाचले.

या सगळ्या ठिकाणी सुरुवातीला कुणी तरी फक्त ‘म्हणायलेत’ एवढंच म्हणालं होतं. आणि तो कोण, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. मार देणारे पकडले जातात, गाडीवाल्याची चौकशी होते, सुनेला ठाण्यात बसवतात. बोरमाळ, सातबारा आणि पांढरी गाडी सांगणारा चहाचे पैसे देऊन घरी जातो आणि जेवतो. म्हातारी सापडली तर दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा थोडा उतरलेला असतो. ‘बरं झालं’ म्हणतो आणि थांबून पुढं म्हणतो, ‘पण यात काय तरी हाय.’

तर विनंती आहे. एखादी म्हातारी एकटी, गोंधळलेली दिसली तर तिला सावलीत बसवा, पाणी द्या, जवळच्या पोलिसाला किंवा मंदिरातल्या सुरक्षारक्षकाला सांगा. 112 वर फोन लागतो. ज्येष्ठांसाठी 14567 हा वेगळा नंबर आहे, तोही फुकट आहे. तिला कन्नड येत असेल आणि तुम्हाला नसेल, तर प्रसादाच्या दुकानात विचारा, तिथं सगळ्या भाषा चालतात. तुम्ही तिला पाहिलं असेल तर कुठं, किती वाजता आणि कुठल्या रंगाच्या लुगड्यात, एवढं सांगा. पाहिलं नसेल आणि नुसता अंदाज असेल, तर तिच्या लेकाला फोन करू नका. त्याची लाइन मोकळी राहू द्या.