एकदा सांगितलं की दोनदा

माढ्यात कुणाला काम सांगायचं तर तीनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा माणूस ‘व्हय’ म्हणतो, दुसऱ्यांदा ‘करतो की’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा ‘आवं, मग कालच सांगायचं न्हाय का!’ असं म्हणून आपल्यालाच गुन्हेगार ठरवतो. अशा गावात माझ्या टेबलावरचा माउस एकदा सांगितलेलं काम दोनदा करायला लागला, तेव्हा सुरुवातीला मला त्याचं कौतुकच वाटलं.

माझं दुकान म्हणजे ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी आणि तिच्यामागे मी. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका एवढं आहे आणि शेवटी, जागा उरली म्हणून पेंटरने आपल्या मनाने लिहिलेलं ‘इत्यादी’ आहे. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्या ‘इत्यादी’ला येतं.

तर माउस. फोल्डरवर एकदा क्लिक केलं की ते उघडायचं. ठीक आहे, उघडायचंच होतं. पण एखादी खिडकी बंद करायला फुलीवर क्लिक केलं की ती तर बंद व्हायचीच, शिवाय तिच्यामागे पाऊण भरलेला फॉर्म पोटात घेऊन बसलेली दुसरी खिडकीही बंद व्हायची. एक पान मागे जायला गेलो की दोन पानं मागे, थेट लॉगिनच्या दारात. म्हणजे पुन्हा ओटीपी. म्हणजे पुन्हा ‘मोबाइल पोराकडं हाय, त्यो रानात गेलाय.’ फोटो एका फोल्डरातून दुसरीकडे ओढत नेताना तो वाटेतच सुटायचा आणि पडेल तिथे पडायचा. एका उपवर मुलाचा बायोडाट्यासाठी काढलेला फोटो ‘जनावरांचा विमा’ या फोल्डरात सापडला. तो नेमका मुलीच्या मामासमोर सापडला, याला मी काय करणार?

सगळ्यात जास्त छळ चौकटीतल्या खुणेने केला. कुठल्याही सरकारी अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिथे क्लिक केलं की खूण उमटायची आणि लगेच पुसली जायची. अर्जदार क्षणभर सत्यवादी, पुढच्या क्षणी पुन्हा संशयित. गावाच्या यादीचंही तेच. ‘गाव निवडा’वर क्लिक केलं की यादी उघडून डोळा लवायच्या आत मिटायची. आमच्या तालुक्यात उपळाई बुद्रुक आणि उपळाई खुर्द अशी दोन गावं आहेत. त्या दोघांत चुकीचं निवडलं तर अर्ज तर बाद होतोच, पण माणूसही परत दुकानात येत नाही, आणि दुसऱ्या उपळाईचाही येत नाही. पैसे भरायच्या पानावर तर ठळक अक्षरांत तंबी असते: बटण एकदाच दाबा. मी एकदाच दाबत होतो. पण माझ्यापुढे काठी टेकून बसलेल्या आजींचा त्यावर विश्वास बसेना. ‘लेकरा, माझं एकदाच दाब बरं का. दोनदा दाबलं तर पैसं दोनदा कापत्यात.’ आजींना संगणकाचं एवढं ज्ञान कुठून आलं, हे मी विचारलं नाही. बँकेत एकदा कापले गेलेले पैसे माणसाला पुष्कळ शिकवतात.

मग निदान सुरू झालं. आपल्याकडे संगणकाला काहीही झालं तरी उपाय दोनच: बंद करून चालू करा, नाहीतर विंडोज टाका. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने एका नजरेत ‘व्हायरस’ असं सांगितलं आणि फॉरमॅट मारायला बाह्या सावरल्या. त्याला चहा पाजून परत पाठवला. झेरॉक्सचा टोनर भरायला येणाऱ्याने अर्थिंगवर संशय घेतला. मोबाइलवाल्याने यूएसबीचं भोक बदलायला सांगितलं. ते बदललं, तर माउस नव्या भोकातूनही दोनदाच बोलायला लागला. एकाने तर मलाच धरलं. ‘सर, तुमचा हात कापतोय. शुगर तपासली का?’

हाताचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा होता. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगात डबल क्लिकचा वेग ठरवायची एक पट्टी असते. दोन क्लिकमध्ये किती अंतर पडलं तरी त्याला डबल क्लिक म्हणायचं, हे ती ठरवते. ही मर्यादा मुळात अर्ध्या सेकंदाची, म्हणजे 500 मिलिसेकंदांची असते. पट्टी सरकवून ती 900 पर्यंत वाढवता येते आणि 200 पर्यंत खाली आणता येते. मी ती पार खालच्या टोकाला नेली. परिणाम एवढाच झाला, की मला मुद्दाम डबल क्लिक करायचं असलं की जमेना आणि माउसला न सांगता जमत राहिलं. तिथेच उलगडा झाला. माणसाचं बोट कितीही कापलं तरी दोन दाबांमध्ये बरेच मिलिसेकंद जातातच. माझ्या माउसची दुसरी टिचकी त्याच्या कितीतरी आधी येत होती. इतक्या वेगाने माढ्यात काहीच होत नाही. म्हणजे हात निर्दोष, शुगर नॉर्मल.

या सगळ्यात खरं निदान केलं ते सातबारा आणि आठ-अ काढायला आलेल्या एका बापूंनी. बापू बराच वेळ त्या उमटणाऱ्या आणि पुसणाऱ्या खुणेकडे बघत होते. मग म्हणाले, ‘ह्ये जरा हिकडं द्या.’ त्यांनी माउस उचलून कानाशी धरला, डावं बटण हळूच दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ‘पॉइंट गेल्यात,’ ते म्हणाले. ‘आमच्या मोटरीचा स्टार्टर बी आसाच तडतडतो. चिकटतंय न् सुटतंय, चिकटतंय न् सुटतंय.’

उजनीचं पाणी आल्यापासून माढा तालुक्यात उसाइतकाच स्टार्टर पिकला. रात्रीच्या वीजपाळीत बॅटरी घेऊन विहिरीवर गेलेल्या आणि स्टार्टरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेल्या माणसाला जे कळतं, ते संगणकाच्या पदवीला कळत नाही, याचं मला नवल वाटत नाही. पॉइंट म्हणजे धातूची दोन टोकं. ती एकमेकांना नीट टेकली तर वीज जाते. काळी पडली, खड्डे पडले किंवा दाबणारी स्प्रिंग ढिली झाली की टेकून पुन्हा उडतात. माउसच्या बटणाखाली अगदी हाच कारभार आहे, फक्त आकार बारीक.

त्या बटणाखाली जेमतेम 13 मिलिमीटर लांबीची एक काळी डबी असते. तिला मायक्रोस्विच म्हणतात. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी ताणून वाकवलेली असते. बटण दाबलं की पट्टी टक्‌कन पलटी खाऊन खालच्या टोकाला टेकते. आपण ज्याला क्लिक म्हणतो तो आवाज त्या कोलांटीचा. आता खरं तर नवी पट्टीसुद्धा टेकताना थोडी उडतेच. कुठलाही धातू दुसऱ्या धातूवर आपटला की उडणार. म्हणून माउसमधल्या चिपला शिकवलेलं असतं, की पहिला स्पर्श झाल्यावर काही मिलिसेकंद जे काही तडतडेल त्याकडे कानाडोळा कर. तारुण्यात हे खपून जातं. वय झालं, पट्टीचा ताण गेला, टोकावर काजळी धरली, की उडणं लांबतं. चिपचा कानाडोळा संपला तरी पट्टी उडतच असते, आणि चिप प्रामाणिकपणे कळवते, ‘मालकांनी पुन्हा दाबलं.’ फाइल ओढताना ती मध्येच सुटते तीही यामुळेच. बोट दाबलेलं असतं, पण आतला पॉइंट सुटलेला असतो. स्टार्टरचे पॉइंट फार विजेने जळतात. माउसमधली वीज मात्र इतकी नाममात्र असते, की टोकावर धरलेली काजळी जाळून टाकायचीही ताकद तिच्यात नसते.

या डब्यांना आयुष्याची हमी असते आणि ती दाबांत मोजतात. बऱ्याच स्विचांवर एक कोटी दाब लिहिलेले असतात, काहींवर दोन किंवा पाच कोटी. एक कोटी म्हटलं की छाती फुगते. पण दिवसाला पाच हजार दाब धरले तर दोन हजार दिवसांत कोटी भरतात, म्हणजे साडेपाच वर्षांत. आणि ही कंपनीच्या प्रयोगशाळेतली वर्षं. तिथे माढ्याचा उन्हाळा नसतो, धूळ नसते, आणि 2023 साली एक रुपयात पीक विमा निघाल्यावर दुकानापुढे लागलेली रांगही नसते. 2024 च्या जुलै-ऑगस्टात लाडक्या बहिणींचे अर्ज भरताना माझ्या डाव्या बटणाने जे सोसलं, त्याची कुठल्या प्रयोगशाळेने चाचणी घेतली असेल असं वाटत नाही.

मुळात हे दोनदा दाबायचं खूळ कुणी काढलं, हेही या निमित्ताने शोधलं. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून 1964 साली पहिला माउस झाला तो लाकडी होता आणि त्याला बटण एकच होतं. पुढे अ‍ॅपलने 1983 साली ‘लिसा’ नावाचा संगणक काढला, त्याच्या माउसलाही बटण एकच ठेवलं, माणूस गोंधळू नये म्हणून. मग एकाच बटणाकडून निवडायचं आणि उघडायचं अशी दोन कामं करून घ्यायची, तर एकदा दाबलं की निवड, दोनदा दाबलं की उघड. म्हणजे गोंधळ टाळण्यासाठी काढलेल्या युक्तीची फळं मी चाळीस वर्षांनी माढ्यात भोगत होतो.

याबाबतीत आपलं मतदान यंत्र फार शहाणं. माढा म्हटलं की महाराष्ट्राला निवडणूकच आठवते. 2009 साली हा लोकसभा मतदारसंघ पहिल्यांदा मतदानाला गेला आणि शरद पवार इथून निवडून आले, तेव्हापासून आमच्या गावाचं नाव टीव्हीवर दर पाच वर्षांनी उच्चारलं जातं. मतदान यंत्रावर एकदा बटण दाबलं की ते गप्प होतं. नंतर माणसाने दहा वेळा दाबलं तरी मत एकच. मतदान अधिकाऱ्याने त्याच्या पेटीवरचं बटण दाबून परवानगी दिल्याशिवाय पुढचं मत घेत नाही. उत्साही मतदार ओळखून केलेली ही सोय आहे. माउस बनवणाऱ्यांनी एकदा निवडणुकीच्या ड्यूटीवर यायला हवं होतं.

दुरुस्तीसाठी मी माउस घेऊन स्टँडजवळच्या मिस्त्रींकडे गेलो. पूर्वी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत. आता पंखे, मिक्सर आणि अर्थातच स्टार्टर करतात. मी कंपनीची हमी संपल्याचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. हमीतली वस्तू उघडायला त्यांना संकोच वाटतो.

माउसचा स्क्रू सहसा दिसत नाही. तळाला ज्या गुळगुळीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्याखाली तो दडवलेला असतो. मिस्त्रींनी नखाने पट्टी उचलली, स्क्रू काढला, आणि माझ्या दुकानातल्या धुळीचा, केसांचा आणि बाकरवडीच्या चुऱ्याचा संपूर्ण इतिहास कागदावर झटकला. मग त्यांनी सुचवलेला उपाय इतका सोपा होता की मला इंजिनिअरिंगच्या मुलाची कीव आली. ‘डावा स्विच उजवीकडं लावू, उजवा डावीकडं. उजवा कोण वापरतंय?’

माउसची दोन्ही बटणं दिसायला सारखी, आतला स्विचही बहुतेक माउसांत सारखाच. पण डाव्याने राबायचं आणि उजव्याने बसून राहायचं, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. फक्त एक अडचण होती. आपल्या देशात उजव्या बटणाला एक राष्ट्रीय कर्तव्य आहे: रिकाम्या पडद्यावर राइट क्लिक करून रिफ्रेश मारणं. त्याने संगणक वेगवान होत नाही, पण मारणाऱ्याला बरं वाटतं. मीही मारत आलो. तरी डाव्याच्या मानाने उजवा तरणाबांड निघाला. मिस्त्रींनी शिसं वितळवून दोघांचेही तीन-तीन पाय सोडवले आणि अदलाबदल करून पुन्हा झाळले.

दुकानात येऊन खुणेच्या चौकटीवर क्लिक केलं. उमटली. राहिली. पुसली नाही. दुकानात बसलेल्या एका मावशींनी माझा आनंद बघून विचारलं, ‘काय, पगार झाला का?’

आजारी स्विच आता उजव्या बाजूला आहे आणि तिथेही तो दोनदाच बोलतो. पण राइट क्लिक दोनदा झालं तर तीच यादी पुन्हा उघडते, कुणाचं गाव बदलत नाही. पुढे भाचा पुण्याहून येताना तपकीर गल्लीतून दोन नवे स्विच घेऊन आला. किंमत विचारली तर म्हणाला, ‘मामा, त्यापेक्षा स्वारगेटला वडापाव महाग पडला.’ ते गल्ल्यात ठेवलेत. मोठी माणसं सांगतात, चालू आहे त्याला हात लावायचा नाही.

तुमचाही माउस एकाचे दोन करत असेल तर विंडोज टाकू नका आणि नवा माउस घ्यायला सोलापूर गाठू नका. आधी तो दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथेही तेच झालं तर दोष त्याच्या पोटात आहे, आणि गावात स्टार्टर दुरुस्त करणारा कुणी असेल तर तो हे काम करेल. स्वतः स्विचही उघडणार असाल तर खाली पांढरं फडकं अंथरा. स्विचच्या डोक्यावर तांदळाएवढी एक बोंडी असते. ती टेबलाखाली गेली तर तुम्हाला सापडणार नाही, झाडू मारणाऱ्यालाही नाही. आणि कुणाचा फॉर्म भरत असाल तर ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी ती शेवटची खूण डोळ्यांनी बघून घ्या.