उरलेले तीन सड

गाईची कास सुजून सड दगडासारखा लागू लागला की त्या आजाराला गोठ्यात दगडी म्हणतात, पुस्तकात स्तनदाह. जंतू सडाच्या छिद्रातून आत शिरतात, म्हणून प्रतिजैविकाची ट्यूबही त्याच वाटेने सोडली जाते. औषधाचा बराचसा भाग पुढच्या धारांबरोबर बाहेर येतो. थोडा रक्तात मिसळून शेजारच्या सडांनाही भेट देतो. गोठ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे: ट्यूब ज्या सडात, दूध त्याचेच टाकायचे. उरलेले तीन सड निर्दोष सुटतात आणि संध्याकाळी डेअरीवर हजर होतात.

नियम आहे. औषध नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार, उपचारानंतर किती काळ दूध विकू नये हे औषधाच्या वेष्टनावर छापावे लागते. तो काळ ठरलेला नसेल तर किमान ७ दिवस. दिवसाला १० लिटर देणारी गाय धरली, तर ७० लिटर दूध ओतून द्यायचे. त्याचे पैसे कोण देणार, हे वेष्टनावर छापलेले नसते.

डेअरीवर दुधाला दोनच प्रश्न विचारतात, फॅट किती आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, किती. दर त्यावरच ठरतो. पाणी घालणारा तिथे सापडतो. पेनिसिलिनने मात्र या दोन आकड्यांना धक्काही लागत नाही. ते शोधणारी जंतूंची चाचणी आहे, पण ते जंतू वाढायला काही तास घेतात आणि टँकरला घाई असते. आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅमची. म्हणजे १०० मिलिग्रॅम पेनिसिलिन सुमारे २५ हजार लिटर दुधाला त्या मर्यादेपर्यंत पुरते. सहकाराचे तत्त्व औषधालाही लागू पडते: ट्यूब एकाची, वाटा सर्वांचा.

२०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. आरोग्याला घातक भेसळ १२ नमुन्यांत निघाली, मर्यादेबाहेरचे प्रतिजैविक ७७ नमुन्यांत. गाजावाजा अर्थातच भेसळीचा होतो. भेसळीच्या अड्ड्यावर धाड घालता येते. कासेवर कशी घालणार?

उकळीने पेनिसिलिन पुरते जात नाही. त्यामुळे या साखळीतला खरा निरीक्षक विरजण. दुधात औषध पुरेसे उरले असेल, तर विरजणाचे जंतू मरतात आणि दही लागत नाही. हा अहवाल सकाळी स्वयंपाकघरात उघडतो. मग थंडी, भांडे आणि सुनेचा हात यांची चौकशी होते. गोठ्यापर्यंत ती पोचत नाही.