पाच खणांचा प्लेअर

निफाडचा माणूस मालाची पारख ऐकत मोठा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापारी द्राक्षबागेत शिरतो, मांडवाखाली वाकून घड बघतो, एक मणी दाताखाली फोडतो, रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून तो डोळ्याला लावतो आणि म्हणतो, “माल एक नंबर आहे नाना, पण फुगवण जरा कमी वाटते.” एवढं बोलून तो किलोमागे दोन रुपये खाली उतरतो. त्यामुळे वस्तूचं कौतुक आणि खोट एकाच दमात सांगण्याची कला इथल्या हवेतच आहे. त्यातून महादेव गोविंद रानड्यांचा जन्म इथला, १८४२ सालचा. न्यायमूर्तींच्या गावात एखादी वस्तू नुसती चांगली किंवा नुसती वाईट म्हणून सुटत नाही. तिची दोन्ही अंगं बघावी लागतात, साक्षी काढाव्या लागतात.

आमच्या घरी पाच डिस्कांचा डीव्हीडी प्लेअर आला तो थॉमसन द्राक्षांना बरा भाव मिळालेल्या एका सीझननंतर. नानांनी तो नाशिकहून आणला. साधा, एका डिस्कचा प्लेअर तेव्हा गल्लीत दोघा-तिघांकडे होता, त्यामुळे तो घेण्यात अर्थ नव्हता.

पहिली खोट डब्यातून काढतानाच दिसली. एक चकती बारा सेंटिमीटरची. अशा पाच चकत्या गोलात मांडायच्या म्हणजे आतल्या ताटाचा व्यास फुटाच्या वर जाणारच, आणि त्या ताटाला सामावणारं खोकं त्याहून मोठं. आमच्या शोकेसची काच काही केल्या लागेना. शेवटी प्लेअर धान्याच्या कोठीवर बसला. आईने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि हवा खेळायच्या फटी बंद झाल्या.

पण मुळात पाच खण कशाला? याचं उत्तर व्हीसीडीत आहे. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास चित्रपट मावायचा. म्हणजे हिंदी सिनेमाला दोन डिस्क, लांबलचक असला तर तीन. नायक खलनायकाची कॉलर धरायचा, पडदा निळा व्हायचा आणि घरातल्या सगळ्यात धाकट्याला उठावं लागायचं. ही अडचण नाशिक जिल्ह्याला तशी जुनी. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. रिळं बदलण्याची उठबस सिनेमाच्या जन्मापासूनचीच. अनेक डिस्कांच्या यंत्राने ती उठबस मोडीत काढली. ताट आपणच फिरतं, पुढची डिस्क समोर येते, बघणारा गोधडीतच राहतो.

गोधडीतच राहतो, हा गुण मुंबईत बसून कळायचा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते आणि राज्यातला गारठा म्हटला की निफाडचं नाव निघतं. द्राक्षाला कडाका बाधू नये म्हणून माणसं पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. अशा रात्री गरम पांघरुणातून निघून गार फरशीवर पाऊल टाकायचं, तेही सिनेमाचा दुसरा भाग लावायला! ज्याने पाच खणांची कल्पना काढली त्याने निफाडचा जानेवारी पाहिलेला नसणार, पण त्याचे उपकार आमच्यापर्यंत पोहोचले.

गंमत अशी की यंत्र घरी आलं तोवर त्याचं कारणच संपत आलं होतं. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात. तिच्यावरची मळसूत्री रेघ सरळ केली तर जवळपास बारा किलोमीटर भरेल, म्हणजे साधारण निफाडहून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत. एवढ्या रेघेत अख्खा सिनेमा न उठता संपतो. मग पाच खणांत पाच सिनेमे? ओळीने पाच सिनेमे बघणारी माणसं फक्त जागरणाला सापडतात.

तरीही आमचे पाचही खण भरले, कारण घरात माणसं होती. पहिला खण आजीच्या कीर्तनाचा. दुसऱ्यात नानांची द्राक्ष छाटणीची डिस्क. ती त्यांना पाठ होती, तरी ऑक्टोबर आला की लागायचीच. तिसरा-चौथा सिनेमांचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढल्यावर सिनेमा भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणं लोकांना परवडू लागलं. पाचवा खण पाहुण्यांसाठी मोकळा, असं आई म्हणायची. प्रत्यक्षात तो काकांनी बळकावला. खण पाच आणि वाचणारा डोळा एक, त्यामुळे भांडणं पूर्वीइतकीच राहिली. फक्त पूर्वी ती टीव्हीवरून व्हायची, आता खणावरून होऊ लागली.

वीज हा फिर्यादी पक्षाचा सगळ्यात मोठा साक्षीदार. भारनियमनाची ती वर्षं. लाईट गेली की ताट आतच अडकायचं. भाड्याने आणलेली डिस्क पोटात, लाईट रात्री येणार आणि सीडीवाल्याचा पोऱ्या दारात, “एक दिवसाचं भाडं वाढलं बरं का काकू.” साध्या प्लेअरमध्ये एकच डिस्क अडकते, आमच्यात पाच अडकायच्या. आणि लाईट आली की यंत्राला आधीचं काही आठवायचं नाही, ते सरळ पहिल्या खणावर जायचं. त्यामुळे मारामारी जिथे तुटली तिथे अभंग सुरू व्हायचा. आजीला ही वागणूक मनापासून पटलेली होती. “यंत्राला कळतं आधी काय लावायचं ते,” ती म्हणायची.

रिमोटवर ‘रँडम’ नावाचं एक बटण होतं. चुलत बहिणीच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी: हळद, लग्न, वरात. तिच्या सासरची मंडळी प्रथमच घरी आलेली, काकांनी कौतुकाने तिन्ही डिस्क चढवल्या आणि चष्मा नसल्याने भलतंच बटण दाबलं. पहिल्यांदा पाठवणी झाली. काकूंनी पदर डोळ्याला लावला. मग जेवणाच्या पंगती उठल्या, मग नवरदेव पारावर आला, मग हळद लागली. व्याही शांतपणे म्हणाले, “आमच्यात आधी हळद लावतात.” या प्रकरणात दोष यंत्राचा की काकांचा, यावर घरात एकमत झालेलं नाही.

थंडीचं जे भूषण सांगितलं त्याचीच दुसरी बाजू म्हणजे दव. गार खोलीत शेगडी आणली, हवा एकदम तापली की आतल्या भिंगावर ओल धरते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ येतं. पाच पाच डिस्क डोळ्यांदेखत आत घातलेल्या असताना! माहितीपुस्तकाचा सल्ला असा की डिस्क काढून घ्याव्यात आणि यंत्र तासभर नुसतं चालू ठेवावं. म्हणजे सिनेमा बघण्याआधी तासभर प्लेअरला शेकत बसायचं. त्यात शेजारी कांद्याची चाळ. एकदा ताट बाहेर आलं ते लाल पापुद्रा घेऊनच.

आणि मग तो जगावेगळा बिघाड. प्लेअर डीव्हीडी झकास लावायचा, व्हीसीडी लागेचना. आजीचं कीर्तन बंद, काकांचे सिनेमे चालू. आजीला यात कट दिसला यात नवल नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून समजावलं: डोळा बाहेरून एक दिसतो, पण आत किरण दोन. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, न दिसणारा. डीव्हीडीसाठी ६५० चा, तांबडा. त्यातला पहिला मेला होता. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नेमका माझाच कसा मेला?” त्याच्याकडे याला उत्तर नव्हतं. त्याने ताट फिरवणारा सैल रबरी पट्टा तेवढा बदलून दिला, टेपरेकॉर्डरचा, आणि त्यानंतर ताट फिरताना थोडं किंचाळू लागलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वस्तू चांगली होती, पण तिला चालू वीज, कोरडी हवा आणि एकमताचं घर लागायचं. यातलं एकही आमच्याकडे नव्हतं. न उठता सिनेमा बघण्याचं सुख मात्र तिने खरोखर दिलं, आणि पाच खणांमुळे कीर्तन, छाटणी आणि मारामारी एका पेटीत नांदली, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याने तो प्लेअर हातात तोलला, उलटा केला, कानाशी हलवला.

“जुनाय. पण माल आहे आत. मोटरी किती?”

“ताटाची वेगळी, डिस्क फिरवायची वेगळी, डोळा सरकवायची वेगळी,” नाना ओट्यावरूनच म्हणाले.

“साध्याला एवढ्या नसत्यात. चाळीस देतो.”

“पाच डिस्कांचा आहे,” आई म्हणाली. “साठ द्या.”

“पण पट्टा टेपचा घातलाय ताई,” भंगारवाला म्हणाला, आणि पन्नासावर आला.