उन्हाळी वाचनाचे फर्मान

1 मे रोजी ध्वजवंदन आटोपून प्रगतिपुस्तके वाटली गेली, की यवतमाळ जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत सुटीतील अवांतर वाचनाचा जो उपदेश होतो, तो मनावर घेणाऱ्या एखाद्या भाबड्या बालकास बहुधा असे कळते, की गोष्टींचे कपाट जडवस्तू संग्रह नोंदवहीच्या हिशेबास्तव कुलूपबंद असून किल्ली गुरुजींसमवेत जूनअखेरपर्यंत परगावी गेली आहे. वाळवीला मात्र सुटी नाही. उपदेशाची तामिली तीच निष्ठेने करते. 1973 आणि 2019 साली साहित्यसंमेलने भरवणाऱ्या यवतमाळ शहरास ग्रंथप्रेम कोणी शिकवावे? शिवाय वाचन प्रेरणा दिन सरकारने 15 ऑक्टोबरला मुक्रर केला असल्यामुळे, मे महिन्यात प्रेरणा मागणे हे मुदतीपूर्वी आलेल्या अर्जासारखे दफ्तरी दाखल होण्यासच पात्र ठरते.